हरताळाखालचं अक्षर : खानदेशातल्या पोथ्या, कॅमेरा आणि दोन मार्गदर्शकांची पीएच.डी.

शिरपूरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे. जुन्या पोथ्यांवर, हस्तलिखितांवर, त्यांना हात न लावता नुसत्या छायाचित्रणातून संशोधन करायचं आहे. विद्यापीठ आणि संग्रहालय मिळून एकच पीएच.डी. करून घेतात अशी पद्धत परदेशात आहे म्हणतात, ती खानदेशात बसून जमेल का? कॅमेरा कोणता घ्यावा? आणि ‘हात न लावता’ म्हणजे पोथीला खरंच काही होत नाही ना?

जमेल. मात्र कॅमेऱ्याचा प्रश्न मी सगळ्यात शेवटी घेणार आहे. का, ते सांगण्यासाठी आधी एक प्रसंग सांगतो.

गिरणाकाठच्या एका गावात, एका घरच्या देव्हाऱ्यातली पोथी आम्ही टिपत होतो. लाल फडक्यात बांधलेली, वरखाली लाकडी फळ्या, सुटी पानं. पहिल्या पानावर पिढ्यान्‌पिढ्यांची हळद-कुंकू आणि तेलाचे डाग इतके की ओळी दिसतच नव्हत्या. तीन दिवसांत सगळी पानं वेगवेगळ्या प्रकाशात टिपून झाली. शेवटच्या पानावर लेखकाने, म्हणजे पोथी उतरवून काढणाऱ्याने, नेहमीप्रमाणे तिथी लिहून ठेवलेली : शके १६७९, मन्मथनाम संवत्सरे. मी ते पान टिपलं आणि यंत्रं आवरायला घेतली.

आमच्याबरोबर मराठीचे एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांनी ती ओळ वाचली, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, “हे जुळत नाही. १६७९ ला ईश्वर संवत्सर येतं. मन्मथ येतं १६९७ ला.” मग आम्ही पान पुन्हा उजेडात धरलं. शेवटचे दोन आकडे एका पिवळसर ठिपक्यावर बसले होते. हरताळ. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासून त्यावर नवं अक्षर लिहायची आपल्या लेखकांची रीत होती, आणि ‘हरताळ फासणे’ हा आपला रोजचा वाक्प्रचार तिथूनच आला आहे. मी शंभरदा तो शब्द वापरला असेन, पण त्या दिवशी हरताळ माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसला नव्हता.

ते पान परत मांडलं आणि ९४० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड प्रकाशात टिपलं. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. ते निळा-जांभळा प्रकाश शोषतं म्हणून पिवळं दिसतं. इन्फ्रारेडला मात्र त्याचा पातळ थर फारसा अडवत नाही. काजळीची शाई मात्र तिथेही काळीच राहते. पडद्यावर वरचे आणि खालचे आकडे एकमेकांत गुंतलेले दिसले. साध्या प्रकाशातल्या प्रतिमेत फक्त वरचे होते, म्हणून एकातून दुसरी वजा केली. खाली ९ आणि ७ उरले. पोथी १८ वर्षांनी जुनी ठरवली गेली होती. कोणी आणि का, ते कॅमेरा सांगत नाही. दोन्ही शाया काजळीच्या, त्यामुळे दुरुस्ती त्याच लेखकाने दुसऱ्या दिवशी केली की नातवाने पन्नास वर्षांनी, हेही आमच्या प्रतिमांतून कळत नाही. तिथे अक्षराचं वळण ओळखणारा माणूसच लागतो.

तुम्हाला हवी असलेली ‘जोडीची’ पीएच.डी. ती हीच. प्रश्न त्या शिक्षकांचा होता, उत्तर शोधण्याचं साधन माझं होतं. ते नसते तर माझ्याकडे सगळ्या पानांच्या उत्तम प्रतिमा असत्या आणि तो आकडा चुकीचाच राहिला असता. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विषय ठरतो, मग त्यासाठी ‘नमुने’ म्हणून पोथ्या शोधल्या जातात, असे प्रबंध मी वाचले आहेत. त्यांत आलेख सुरेख असतात, पण पोथीविषयी नवीन वाक्य एकही सापडत नाही. ब्रिटनमध्ये या योजना बऱ्याच वर्षांपासून आहेत. तिथे संशोधनाचा प्रश्न संग्रहालयातून येतो, विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक विद्यापीठातला आणि एक संग्रहालयातला असतो, आणि विद्यार्थी वस्तूजवळ बसून काम करतो. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठात हायदा लियांग यांच्या गटाने भिंतीवरचं चित्र लांबून, शिडी-परांची न बांधता, अनेक वर्णपट्ट्यांत टिपणारं यंत्र तयार केलं आणि ते चीनमध्ये दुनहुआंगजवळच्या मोगाओ लेण्यांत नेऊन वापरलं. यंत्र चित्राकडे गेलं, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ७५ वर्षांवरची हस्तलिखितं पुरावशेषात मोडू शकतात आणि पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे परदेशी विद्यापीठाशी जोडून घ्यायचं असेल तरी कामाची जागा धुळं-जळगावच राहणार. मला यात अडचण दिसत नाही, उलट सोय दिसते.

कागदोपत्री मार्ग सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत पीएच.डी.ला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत, आणि दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ तुमच्या हाताशी आहे. अडचण एकच येते : पोथी ज्यांना खरंच वाचता येते, त्यांच्याकडे बहुतेक वेळा पीएच.डी. नसते, म्हणून त्यांचं नाव मार्गदर्शक म्हणून लागत नाही. तेव्हा संग्रहाशी जो लेखी करार कराल त्यात त्यांचं काम, त्यांचं श्रेय आणि त्यांचा प्रवासखर्च स्पष्ट लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर हे सोडू नका. मानधनाचा विषय निघाला की सगळे संकोचतात, आणि मग सगळ्यात जास्त जाणणारा माणूस फुकट राबतो.

करारात आणखी एक बाब हवीच. एका घरी मी पोथ्या पाहायला गेलो तेव्हा मालकांनी दारातच सांगितलं की काही वर्षांपूर्वी कोणी तरी येऊन सगळ्या पोथ्यांचे फोटो काढून नेले, पुढे ना फोटो आले ना पत्र. त्यांनी मला चहा दिला, पोथी दाखवली नाही. दोष त्यांचा नव्हता. प्रतिमा कोणाच्या, कुठे छापायच्या, एक पूर्ण प्रत मालकाला किती दिवसांत आणि कशावर मिळणार, हे पहिलं पान टिपायच्या आधी ठरलं पाहिजे. मी आता त्याच संध्याकाळी त्या दिवसाच्या प्रतिमा मालकांच्या डिस्कवर उतरवून देतो, मगच घरी जातो.

आता तुमचा तिसरा प्रश्न, कारण तो मला सगळ्यात आवडला. असाच प्रश्न मला साक्री तालुक्यातल्या एका आजोबांनी विचारला होता : “या लाईटघाई पोथी जयी तं नही ना, भाऊ?” म्हणजे, या दिव्याने पोथी जळणार तर नाही ना? मी तेव्हा पटकन ‘नाही, आबा’ म्हणालो. आज म्हणणार नाही. हिशेब मांडून दाखवीन. लक्स हे उजेडाचं माप. नाजूक कागदाला संग्रहालयात साधारण ५० लक्सचा उजेड देतात. समजा आपण २००० लक्सचा दिवा एका पानावर एकंदर २ मिनिटं लावला, तर पानाला सुमारे ६७ लक्स-तास उजेड पोचला. म्हणजे संग्रहालयात ते पान सव्वा ते दीड तास उघडं ठेवल्याइतका. हे सोसण्यासारखं आहे. पण दिवा विसरून चालू राहिला आणि मंडळी जेवायला गेली, तर ते सोसण्यासारखं नाही, आणि हे होताना मी पाहिलं आहे. अतिनील प्रकाश त्याहून कडक, तो सेकंदांतच मोजून द्यायचा.

शिवाय ‘न स्पर्शता’ आणि ‘नाश न करता’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत प्रबंधांतही होते. पानाच्या कडेचा तीळभर तुकडा काढून तो न जाळता तपासला, तर तपासणी नाश न करणारी झाली, पण पोथीचा तुकडा गेलाच. रंग कशाचा आहे ते ओळखायच्या रामन पद्धतीत लेझर वापरतात. लेझरची ताकद जास्त ठेवली तर गडद रंग त्या बिंदूपुरता करपतो. आणि खरं सांगायचं तर आपल्या पोथ्यांना सगळ्यात मोठा धोका ना प्रकाशाचा, ना लेझरचा. धोका आहे पान उलटण्याचा. ठिसूळ कागद, कसरीने केलेली भोकं, एकमेकांना चिकटलेली पानं. घाईने उलटलेलं एक पान जेवढं नुकसान करतं तेवढं जपून लावलेला दिवा वर्षभरात करणार नाही. दिवसाला ४० पानं झाली की मी थांबतो.

उलट बाजूनेही काळजी घ्या. हरताळात आर्सेनिक आहे, लाल अक्षरांच्या हिंगुळात पारा. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय आपल्या घरोघरी आहे. पोथीच्या बाबतीत ती आजपासून बंद. हरताळाच्या पानांना नायट्राइलचे हातमोजे घाला आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. घरातल्या मंडळींनाही हे सांगा, घाबरवून सोडू नका.

तंत्राविषयी एक गोष्ट तुमच्या भौतिकशास्त्रासाठी. या क्षेत्रात नव्याने येणारा प्रत्येक जण आर्किमिडीजच्या खरवडलेल्या हस्तलिखिताची गोष्ट ऐकून येतो. दहाव्या शतकातली प्रत, तेराव्या शतकात अक्षरं खरवडून तिच्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या, आणि अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात १९९९ पासून सुरू झालेल्या कामात खालचा मजकूर वाचला गेला. मोठं काम आहे. पण त्यांची कृती जशीच्या तशी आपल्या पोथीला लावू नका. ती शाई लोखंडाची होती आणि पानं चामड्याची. लोखंडाची शाई इन्फ्रारेडमध्ये फिकी होत होत नाहीशी होते, म्हणून त्यांना अतिनील प्रकाश महत्त्वाचा ठरला. आपली शाई काजळ आणि डिंकाची. ती इन्फ्रारेडमध्ये ठणठणीत काळी राहते, आणि तिच्यावरचं हळद, कुंकू, चहा, पाण्याचा डाग हे सगळं विरघळल्यासारखं निघून जातं. त्या गिरणाकाठच्या पोथीचं पहिलं पान असंच वाचता आलं. घरातल्या आजी पडद्यासमोर उभ्या राहून पहिली ओळ मोठ्याने वाचत होत्या. त्यांच्या लग्नानंतर ते पान घरात कोणी वाचलं नव्हतं.

पण म्हणून एकटं इन्फ्रारेड घेऊन निघालात तर फसाल. अध्यायाची सुरुवात, दंड, ‘श्रीगणेशाय नमः’ हे पुष्कळदा हिंगुळाने लाल लिहिलेलं असतं. हिंगूळ तांबड्या रंगापासून पुढे सगळा प्रकाश परतवतो, त्यामुळे इन्फ्रारेडमध्ये तो कागदासारखाच पांढरा दिसतो आणि ती अक्षरं गायब होतात. निळ्या-हिरव्या पट्ट्यात तीच अक्षरं गडद उठून दिसतात. म्हणून अनेक पट्टे लागतात. एका पट्ट्यातलं पान पाहून ‘इथे काही लिहिलेलं नाही’ असं विधान कधी करू नका.

विषय कोणता घ्यावा हे तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगतो, कारण हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षं आहे आणि माझ्या हातून तो आता होणार नाही. एरंडोल आणि यावल ही एके काळी हातकागदाची गावं होती. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांत दोन्ही ठिकाणच्या कागदाची नोंद आहे, तीसुद्धा ओसरत चाललेला धंदा म्हणून. मग आपल्या पोथ्या आणि मोडी दप्तरं यांतला कोणता कागद एरंडोलचा आणि कोणता यावलचा, हे कागद न फाडता ओळखता येईल का?

कागद लगद्यातून उचलताना खाली काड्यांची चटई असते, तिच्या रेघा कागदात उमटतात. पानाच्या पाठीमागून सौम्य, थंड प्रकाश दिला की त्या दिसतात. काड्यांच्या रेघा दर सेंटीमीटरला किती, त्या बांधणाऱ्या दोऱ्याच्या रेघा किती अंतरावर आणि किती वाकड्या, हे मोजता येतं. एकाच चटईवरचे कागद एकमेकांशी जुळतात, हाताचे ठसे जुळावेत तसे. तिरप्या प्रकाशात कागद गुळगुळीत करताना केलेल्या घोटाईचे फटकारे दिसतात. खळीचा कागद अतिनील प्रकाशात वेगळा चमकतो. ही तिन्ही निरीक्षणं भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीने आकड्यांत मांडण्याजोगी आहेत. तंतू अंबाडीचा की तागाचा, हे मात्र तुकडा काढल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, आणि तसं प्रबंधात लिहायलाच हवं.

सुरुवात तिथी आणि गाव असलेल्या मोडी कागदांपासून करा. त्यासाठी धुळ्याबाहेर जागा शोधायला नको. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच गेले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकरराव देवांनी जमवलेला रामदासी हस्तलिखितांचा संग्रह आहे, समर्थांच्या हातचं वाल्मीकी रामायण तिथलंच. रीतसर अर्ज करा, मार्गदर्शकांचं पत्र जोडा, आणि पहिल्या भेटीत कॅमेरा नेऊ नका. वही-पेन्सिल घेऊन जा आणि सांभाळणाऱ्यांना विचारा की त्यांना स्वतःला कोणत्या पोथीविषयी काय कळलेलं नाही. एक सावधगिरी मात्र हवी : एरंडोलात लिहिलेला कागद एरंडोलात बनला असेलच असं नाही. कागद बाजारात फिरत होता. दहा-वीस कागदांवरून निष्कर्ष काढलात तर पहिलाच परीक्षक इथे बोट ठेवेल.

दगड आणि धातूंकडे जायचं असेल तर तंत्र वेगळं. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, दिवा चाळीस-पन्नास दिशांनी फिरवायचा आणि संगणकावर हवा तसा तिरपा उजेड पाडून अक्षर वाचायचं. २००१ मध्ये टॉम मॅल्झबेंडर यांनी ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत ही पद्धत मांडली. ताम्रपटाला ती उत्तम. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा शके ११२८ चा लेख आहे, भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला. तशा लेखांवर ओला कागद ठोकून ठसा घेण्यापेक्षा हे कितीतरी सौम्य. पितळखोऱ्याच्या लेण्यांतल्या खांबांवरच्या रंगीत आकृती मला फार खुणावतात, पण तिथे पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी, वीज, वटवाघळं आणि उतार हे सगळं आलं. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी तिकडे जाऊ नका.

आता कॅमेरा. महागडं तयार यंत्र मिळालं तर चांगलंच, नाही मिळालं तर अडत नाही. जुना डीएसएलआर घ्या, जाणत्या कारागिराकडून सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढून घ्या. ३६५, ४५०, ५३०, ६३०, ७३०, ८५० आणि ९४० नॅनोमीटरचे एलईडी, काळं कापड, भक्कम स्टँड, पांढरा मानक ठोकळा. तुमच्या विद्यापीठातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना दिव्यांचं सर्किट सहज जमेल. भिंगाचा नेम इन्फ्रारेडमध्ये सरकतो, तेव्हा प्रत्येक पट्ट्याला फोकस नव्याने तपासा, नाहीतर प्रतिमा एकमेकींवर बसणार नाहीत आणि वजाबाकीत भुतं दिसतील. रिकाम्या अंधाराची एक प्रतिमा दर तासाला घ्या. कारण आपला खानदेश : सेन्सरमध्ये उष्णतेने उठणारा खोटा संकेत साधारण दर ६ ते ८ अंशांनी दुप्पट होतो, आणि भुसावळ-जळगावच्या वैशाखात खोलीतच ४० च्या वर पारा असतो. त्या दिवसांत कागदही इतका कोरडा होतो की पान उलटताना कडकन वाजतं. आषाढ-श्रावणात बुरशी. कामाचे महिने कार्तिक ते माघ, आणि त्यांतही सकाळ. वर्षाचं वेळापत्रक त्यावरूनच आखा आणि मार्गदर्शकांना तसं आधी सांगा.

साठवणुकीचा हिशेब अर्ज करतानाच मांडा. ५ कोटी पिक्सेलची प्रतिमा, पिक्सेलमागे २ बाइट, म्हणजे एका पट्ट्याला १०० एमबी. १२ वेळा टिपलं तर पानाच्या एका बाजूला १.२ जीबी. ३०० बाजूंची पोथी ३६० जीबी. एक प्रत तुमच्याकडे, एक विद्यापीठात, एक मालकाकडे, म्हणजे एका पोथीला एक टेराबाइटहून जास्त. शिष्यवृत्तीचा अर्ज सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांपैकी जिथे बसत असेल तिथे करालच. पण डिस्कचा खर्च शिष्यवृत्तीत धरू नका, तो विद्यापीठाकडून वेगळा मागा.

सध्या हातात काही नसेल तरी एक काम आजच करता येईल. घरात, नातेवाइकांकडे, शिरपूरच्या जुन्या पेढीवर मोडीतला एखादा कागद असेलच. तो मोबाइलच्या उजेडासमोर फूटभर अंतरावर धरा, मागे पांढरा पातळ कागद ठेवा म्हणजे उजेड पसरेल, पट्टी लावून एका सेंटीमीटरमध्ये काड्यांच्या किती रेघा येतात ते मोजा. कागदावर तिथी आणि गाव असेल तर तेही वहीत उतरवा. असे पंचवीस कागद झाले की मला कळवा, मग धुळ्याला बरोबर जाऊ.